आपला कारखाना

कारखान्याचं नाव मी सांगत बसत नाही. आमच्या बारामती-इंदापुराकडे ते कुणी घेतही नाही. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत माणसं नुसतं ‘आपला कारखाना’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. या ‘आपला’ शब्दाने माझी एक केस खाल्ली. वकिलीत केसेस हरायच्याच, त्याचं मी काही मनाला लावून घेत नाही. पण या एका शब्दाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मी अंजली, शेळगावची. वडील साहेबराव, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. पुण्यात कायदा शिकून आले आणि त्र्याण्णव साली बारामतीच्या कोर्टात काळा कोट घालून उभी राहिले. ऑफिस म्हणजे आवारातल्या लिंबाखाली एक टेबल. आमच्या घरात कुणी ‘आपला कारखाना’ म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. कारखान्याचा पाया खणत होते तेव्हा माझी आजी अक्काबाई तिथे रोजाने माती वाहत होती. ऊसवाल्यांनी शेअर घेतला, आमच्या वाट्याला घमेलं आलं. आजी ‘त्यांचा कारखाना’ म्हणायची, वडील म्हणतात, मीही म्हणते.

चौऱ्याण्णव सालच्या जूनमध्ये वरकुट्याचे जोतीरामतात्या माझ्या टेबलाशी आले, तेव्हा ते बारामतीतले सगळे मोठे वकील फिरून आले होते. कुणी कारखान्याच्याच पगारावर, कुणाचा मेहुणा संचालक, कुणाचा स्वतःचाच ऊस तिथे जाणारा. एकाने तर त्यांना चहा पाजून वर सांगितलं होतं, “तात्या, घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला आणायचं?” शेवटी उरले मी. तात्यांनी माझं आडनाव विचारलं नाही. ते आधीच विचारून आले असणार.

“वकीलबाई,” ते म्हणाले, “माझं पोरगं कारखान्यानं मारलं. त्ये कोर्टानं म्हणाय पायजे.”

“म्हणजे नुकसानभरपाईचा दावा लावायचा ना?”

“लावायचा की. फुकट का सोडायचं? पर आदी त्ये. आमचं ऋषिराज चुकलं न्हवतं, कारखाना चुकला, आसं कोर्टाच्या सायबानं आपल्या तोंडानं म्हणाय पायजे.”

मी त्यांना बसायला सांगितलं. ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. चहा मागवला, तो मात्र त्यांनी लगेच प्यायला.

झालं होतं ते असं. साखर काढून घेतल्यावर जो काळा चिकट रस मागे राहतो, त्याला मळी म्हणतात. दारूच्या भट्ट्या ती टँकरने घेऊन जातात. त्या वर्षी मळीचा भाव चढत होता, म्हणून हंगाम संपला तरी कारखान्याने ती विकली नाही, साठवून धरली. चांगल्या टाक्या भरल्या. मग गळकी म्हणून बाजूला टाकलेली जुनी टाकी होती, तिला पत्र्याचं ठिगळ मारून वेल्डिंग केलं आणि तीही काठोकाठ भरली. मे महिन्याच्या उन्हात मळी तापते, आतल्या आत उकळायला लागते, फेस धरते. कारखान्यातल्या झाडूवाल्यापासून कार्यकारी संचालकापर्यंत सगळ्यांना हे माहीत होतं. त्यावर त्यांचा उपाय एवढाच, की एक माणूस पाइप घेऊन टाकीवर पाणी मारत उभा करायचा.

तो माणूस ऋषिराज. बावीस वर्षांचा, आयटीआय केलेला. पण कारखान्याच्या मस्टरवर त्याचं नाव नव्हतं. आमच्याकडे सभासदांची पोरं कारखान्यात अशीच चिकटतात. आधी वर्ष-दोन वर्षं बिनपगारी जायचं, सांगतील ते करायचं, साहेबांच्या डोळ्यांसमोर राहायचं. मग एखाद्या दिवशी चेअरमन खूश असतात आणि म्हणतात, याला घ्या. तोवर पोरगं राबतं सगळ्यांसाठी आणि कागदावर कुणाचंच नसतं.

दुपारी टाकीचं ठिगळ उसवलं. सगळी गरम मळी एकदम बाहेर आली. पाण्यातून माणूस धडपडत तरी निघतो. मळीत पाय उचलतच नाही. ऋषिराज टाकीच्या बुडाशीच होता. संध्याकाळी त्याला काढला, तेव्हा पाइप हातातच होता.

त्याची आई ठमाबाई मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा टाकीबद्दल, साहेबांबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “अंगावरल्या मुंग्या सुटना झाल्या व्हत्या, बाई. किती बी ऊन पाणी घातलं, तरी मुंग्या येतच व्हत्या.” मी हातात पेन धरून बसले होते. हे कुठल्या परिच्छेदात घालायचं ते मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

कारखान्याने चौकशी केली ती स्वतःच. चौकशीत निघालं, की ‘मयत इसमाने कोणाच्याही परवानगीविना आवारात प्रवेश करून टाकीच्या व्हॉल्व्हशी छेडछाड केल्याने सदर दुर्घटना घडली.’ पोलिसांनी ‘अकस्मात मयत’ अशी नोंद करून फाइल बांधली. म्हणजे टाकी निर्दोष, ठिगळ निर्दोष, चढा भाव बघत बसलेले निर्दोष, आणि मळीत बुडालेलं पोरगं तेवढं गुन्हेगार. गावात लोक तात्यांना तोंडावर काही म्हणत नसत. पण पाठीमागे, ऋषीनं कायतरी कळ दाबली म्हणं, एवढं पसरायला वेळ लागला नाही.

मी दावा लावला. मी नवी होते, डोक्यात कॉलेजातली पुस्तकं ताजी होती. दिल्लीच्या मोठ्या कोर्टाने सांगून ठेवलेलं होतं, की धोक्याचा धंदा करून नफा मिळवणाऱ्याने माणसं मारली तर ‘आमची चूक दाखवा’ असं त्याला म्हणता येत नाही. नफा त्याचा तशी जबाबदारीही त्याचीच. मला वाटलं, हे वाचून दाखवलं की झालं. कारखान्याचे वकील होते रावसाहेब. खरं नाव वेगळं, पण अख्खं कोर्ट त्यांना रावसाहेबच म्हणायचं. ते उठले आणि हसत म्हणाले, “तो निकाल विषारी वायूचा आहे. मळी विषारी कशी? गुरंसुद्धा खातात.” कोर्टात हशा पिकला. तात्याही कसनुसे हसले, कारण त्यांची म्हैस खरंच खायची.

पुढे दोन वर्षं एका हरकतीवर गेली. रावसाहेबांचं म्हणणं, वादी हा कारखान्याचा सभासद, म्हणजे हा सभासद आणि त्याची संस्था यांच्यातला वाद. तो या कोर्टात चालत नाही, सहकार कोर्टात जा. ऊस वजनात मारला तर जावं सहकार कोर्टात. पोरगं मारलं तर तिथे कुठे जायचं? हरकत शेवटी फेटाळली गेली, पण दोन वर्षं गेली ती गेलीच. तेवढ्यात टाकीचे ठिगळ मारलेले पत्रे भंगारात निघून गेले होते आणि ज्याने वेल्डिंग केलं त्याची दुसऱ्या कारखान्यावर सोय लावून दिली होती, तीही पगारवाढ देऊन.

आता सगळं तात्यांच्या साक्षीवर होतं. ऋषिराज तिथे रोज कामाला जात होता, साहेबांनी सांगितलेलंच करत होता, हे त्यांना सांगायचं होतं. ते सांगितलं की ‘परवानगीविना आवारात प्रवेश’ ही भानगड मोडून पडत होती. अडचण एकच होती. तात्यांच्या तोंडून ‘कारखाना’ शब्द एकटा बाहेर पडतच नसे.

“तात्या, कोर्टात ‘आपला कारखाना’ म्हणायचं नाही.”

“मग काय म्हणायचं?”

“प्रतिवादी.”

“परतीवादी,” तात्या म्हणाले, आणि तोंडात खडा आल्यासारखे थांबले. “आवो, पर त्यो आपला कारखाना हाय, ह्यात खोटं काय हाय?”

“तात्या, त्याने तुमचा मुलगा मारलाय.”

“व्हय. मारलाय की,” ते म्हणाले. “म्हणून तर कोर्टात आणलाय न्हवं आपल्या कारखान्याला.”

मला त्यांचा राग यायचा. लेकराचा जीव घेतला त्याला हा माणूस अजून आपला म्हणतो, म्हणून चीड यायची. आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा. त्या चिमणीच्या धुराकडे बघून आमच्या घरात कुणाला कधी असं बोलता आलं नाही. पण तात्या शिकले. ठमाबाई सांगत होत्या, की त्या साली गाळप सुरू झालं तेव्हा ते अंगणातून ओरडले, “आवं, परतीवादीची मोळी पडली!” आणि किती वर्षांनी त्या हसल्या.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात साक्ष झाली. माझ्या प्रश्नांना तात्यांनी छान उत्तरं दिली. परतीवादी, परतीवादी, एकदाही घसरले नाहीत. मुलगा रोज सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, टाकीवर पाणी मारायला त्याला साहेबांनी उभा केला होता, मेला त्याच्या आदल्या रात्री जेवताना ‘टाकी गुरगुरतीय’ असं तो म्हणाला होता. न्यायाधीश लिहून घेत होते. माझा जीव भांड्यात पडला.

मग रावसाहेब उठले. मला वाटलं होतं, ते ओरडतील, घाबरवतील. त्यासाठी मी तात्यांना तयार केलं होतं. गोड बोलण्यासाठी केलं नव्हतं.

“रामराम, जोतीरामतात्या. तब्येत काय म्हणतीय?”

“बरी हाय की.”

“मी लहान होतो बघा, कारखान्याचा पाया खणला तेव्हा. आमचे वडील सांगायचे, वरकुट्याचा जोतीराम स्वतःच्या बैलगाडीनं दगड वाहायचा. खरं का?”

तात्यांचा चेहरा उजळला. मी उठून हरकत घेतली, की याचा दाव्याशी काय संबंध. न्यायाधीश म्हणाले, बसा, दोन प्रश्न विचारू द्या.

“खरं हाय,” तात्या म्हणाले. “म्होरच्या भितीतलं दगड आमच्या गाडीनं आल्यात. भाडं घेतलं न्हाय.”

“का नाही घेतलं?”

“आता घरच्या कामाचं भाडं कोण घेतंय?”

“पहिली मोळी पडली त्या दिवशी होता तुम्ही?”

“व्हतो म्हंजे? आमची कारभारीण व्हती, थोरला भाऊ व्हता. साखरंचा पयला मूठभर दाणा देवापुढं ठिवला. रडू आलं व्हतं आमाला.” आणि तात्यांचे डोळे त्या पिंजऱ्यात उभ्या उभ्या खरंच भरून आले. रावसाहेबांनी त्यांना सावरायला वेळ दिला. किती तो समजूतदारपणा! मग अगदी हळू, घरात बोलतात तशा आवाजात त्यांनी विचारलं,

“मग तात्या, कारखाना कुणाचा?”

“आपलाच की,” तात्या म्हणाले.

“आणि ऋषिराजला कामाला या म्हणून कारखान्यानं बोलावणं धाडलं होतं? पत्र? ऑर्डर?”

“बोलवायला कशाला लागतंय? आपल्याच कारखान्यात जायाला काय आवतण लागतंय व्हय?”

रावसाहेब बसले. एवढंच विचारायचं होतं त्यांना. न्यायाधीशांनी टायपिस्टला मजकूर सांगायला सुरुवात केली, कोर्टाच्या त्या इस्त्री केलेल्या मराठीत: “हे म्हणणे खरे आहे की, प्रतिवादी कारखाना आमच्या मालकीचा आहे. हे म्हणणे खरे आहे की, माझा मुलगा कोणीही न बोलावता, स्वखुशीने तेथे जात असे.”

मी ताडकन उठले. “साहेब, साक्षीदार ‘आपला’ म्हणाले, ‘आमचा’ नाही म्हणाले.”

“दोन्हीत काय फरक आहे, वकीलबाई?”

“आहे ना साहेब. ‘आमचा’ म्हटलं तर समोरचा वगळला जातो. ‘आपला’ म्हटलं तर समोरचाही धरला जातो. साक्षीदार रावसाहेबांकडे बघून ‘आपला’ म्हणाले. मग रावसाहेबही मालक झाले, साहेब, आणि तुम्हीही. हे मालकी सांगणं नव्हे, ही माया आहे.”

न्यायाधीश वाईट माणूस नव्हते. ते हसले, त्यांना मुद्दा आवडला, मान हलवली. मग म्हणाले, “तुमचं व्याकरण चांगलं आहे. पण मायेची नोंद कशी करायची, ते मला सांगा.” आणि टायपिस्टला म्हणाले, पुढे चला. मजकूर वाचून दाखवल्यावर तात्यांनी खाली सही केली. ‘मालकीचा’ या शब्दापाशी ते थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि कोर्टात सायबानं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार म्हणून सही केली.

निकाल अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात लागला. दावा फेटाळला. मयत हा कामगार नव्हता; संस्थेच्या सभासदाचा मुलगा म्हणून तो स्वखुशीने धोक्याच्या जागी गेला; वादी स्वतःच संस्थेच्या मालकांपैकी एक असल्याने त्याला स्वतःविरुद्ध दाद मागता येणार नाही; व्हॉल्व्हचं म्हणणं ‘असंभवनीय वाटत नाही’. इतक्या थंडपणे पोराला दुसऱ्यांदा बुडवलेलं मी पाहिलं. बाहेर लिंबाखाली तात्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजी म्याच मारला म्हणा की त्याला,” ते म्हणाले. “मालक म्या. टाकी माझी.”

“तात्या, आपण पुण्याला अपील करू.”

“करू. पर त्याच्या आदी मला परका करा.”

मला कळलं नाही.

“सभासद हाय म्हणून हरलो न्हवं? मग सभासद न्हाय ऱ्हायलो तर? राजीनामा लिवून द्या मला. कागद द्या.”

मी त्यांना परोपरीने सांगितलं, की आता राजीनामा देऊन जुनी केस बदलत नाही. ऋषिराज गेला तेव्हा तुम्ही सभासद होता, कोर्ट तेच धरणार. उलट शेअर सोडला तर उद्या तुमचा ऊस कोण तोडणार? उभा वाळेल.

“वाळू द्या,” तात्या म्हणाले. “केस ऱ्हाऊ द्या बाजूला. उद्या कुणी मला इचारलं, तात्या कारखाना कुणाचा, तर मला ‘तुमचा’ म्हणता आलं पायजे. तेवढं करा.”

मी राजीनामा लिहिला. वकिलीत मी जे जे लिहिलं त्यात तेवढं एकच मला पूर्ण पटलेलं होतं. ते स्वतः कारखान्यावर घेऊन गेले, तर कारकुनाने तो घेतला नाही. म्हणाला, हे संचालक मंडळापुढं जावं लागतं. मंडळ म्हणालं, सभेपुढं जावं लागतं. तात्या म्हणाले, बरं, सभेत देतो.

कारखान्याची वार्षिक सभा सप्टेंबरात असते. मोठा मांडव, सतरंज्या, बुंदी आणि चिवडा. सगळे सभासद मांडवात मावत नाहीत म्हणून रस्त्याकडेच्या खांबांवर कर्णे बांधतात. थेट तात्यांच्या वस्तीपर्यंत आवाज जातो. सभा उघड्यावर असते, तिथे मागे कुणीही उभं राहावं. मी गेले. मला जाणं भाग होतं, कारण तात्या एकटेच जाणार होते. गावातलं कुणी त्यांच्याबरोबर बसायला तयार नव्हतं. चांगल्या चाललेल्या कारखान्याला कोर्टात खेचलं म्हणून लोक अजून रागात होते.

अहवाल वाचला. विषय क्रमांक एक मंजूर, दोन मंजूर. प्रत्येक वेळी हात वर आणि ‘मंजूर, मंजूर’ असा एकच गलका. ज्यांनी ऐकलं नव्हतं तेही ओरडत होते. मग तात्या उठले, पुढे गेले आणि स्टेजच्या पायऱ्या चढले. मला वाटलं, पोरं त्यांना खाली ओढतील. पण चेअरमन स्वतः उठून पुढे आले, त्यांचा हात धरला, आणि माईकवर म्हणाले, “या, तात्या. तुमचीच वाट बघत होतो.”

तात्यांनी राजीनामा पुढे केला. चेअरमननी तो न वाचता घडी घालून खिशात ठेवला. “तात्या रुसल्यात आपल्यावर,” ते सभेला म्हणाले. “रुसणारच. घरातलं वडीलधारं माणूस रुसायचं न्हाय तर कोण रुसायचं? त्यांनी राजीनामा आणलाय. मंजूर करायचा का आपण?”

“नामंजूर!” सगळा मांडव ओरडला. माणसं हसत होती, टाळ्या वाजवत होती. काहींचे डोळे पाणावले होते. मला आजही खात्री आहे, की त्यातल्या बऱ्याच जणांना आपण फार चांगलं काम करतोय असंच वाटत होतं.

चेअरमननी शाल मागवली. कुणीतरी नारळ आणला. तात्या नको नको म्हणत मागे सरत होते, तेवढ्यात शाल त्यांच्या खांद्यावर पडलीसुद्धा. “तात्यांच्या घराचं या कारखान्यावर उपकार हायेत,” चेअरमन म्हणाले. “यांनी दगड वाहिलं. यांच्या पोरानं तर आपल्या कारखान्यासाठी बलिदान दिलं.” सगळे उठून उभे राहिले. दोन मिनिटं शांतता. मग चेअरमननी गळा साफ केला आणि आयत्या वेळचा विषय मांडला. या वर्षी कारखान्याने नवी पोलादी मळी टाकी बांधली होती. तिला ऋषिराजचं नाव द्यायचं. तसा फलक तयारही होता. दोन पोरांनी तो स्टेजवर आणून उभा केला, झेंडूच्या माळेसकट.

मला ओरडायचं होतं. पण मी सभासद नव्हते, मागे उभी होते. ज्या मळीने मारलं त्या मळीच्या टाकीला त्याचं नाव, आणि ‘बलिदान’ म्हटलं की मारणारा कुणी उरतच नाही. अपिलात रावसाहेब हाच ठराव पुढे करतील, की बघा साहेब, बापाचीच संमती आहे, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं.

“ठराव मंजूर?” चेअरमननी विचारलं.

“मंजूर!”

“आसं न्हाय. ह्या ठरावाला खरा मान तात्यांचा. तात्या, तुमी सांगा सभेला.” त्यांनी माईक तात्यांच्या तोंडासमोर धरला.

मांडव गप्प झाला. तात्यांनी फलकाकडे पाहिलं, मग समोरच्या माणसांकडे. खांद्यावरची शाल सरकत होती, ती त्यांनी सावरली नाही. मग त्यांनी मान वर केली आणि कर्ण्यातून त्यांचा आवाज सगळीकडे गेला, स्पष्ट, खणखणीत.

“मंजूर...”

टाळ्यांचा कडकडाट झाला. चेअरमननी माईक झटकन स्वतःकडे ओढून घेतला होता. मागून मला दिसत होतं, तात्यांचे ओठ अजून हलत होते. ते काहीतरी जोरात म्हणत होते, एकदा, पुन्हा एकदा, हात हलवून. स्टेजवरची माणसं त्यांच्या पाठीवर थाप मारत होती. खाली बसलेल्या सेक्रेटरीने मान वर न करता जाहीर केलं, “ठराव एकमताने मंजूर,” आणि पुढचा विषय घेतला.

तात्या मांडवाबाहेर आले. माझा दंड धरून म्हणाले, “म्या ‘मंजूर न्हाय’ म्हणलो, बाई. ‘न्हाय’ म्हणायच्या आत त्यांनी त्ये वडलं. तीनदा म्हणलो. तुमाला आयकू आलं न्हवं?” मी त्यांना घेऊन चालायला लागले. आपल्या भाषेत ‘नाही’ शेवटी येतं, आणि शेवटपर्यंत बोलू देणारे लोक तिथे नव्हते.

वस्तीवर पोचलो. ठमाबाई दारात उभ्या होत्या. समोरच्याच खांबावर कर्णा बांधलेला होता आणि त्यातून आता आभारप्रदर्शन चालू होतं. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरची शाल पाहिली, हातातला नारळ पाहिला.

“आयकलं मी,” त्या म्हणाल्या.

“म्या न्हाय म्हणलो, ठमे.”

“मंजूर म्हणला तुमी. साऱ्या वस्तीनं आयकलं.”

“त्याच्या म्होरं ‘न्हाय’ म्हणलो. त्ये कर्ण्यात आलंच न्हाय. आईची आण, म्हणलो म्या!” तात्या ओरडत होते आणि रडत होते. “ह्या वकीलबाईंना इचार. ह्या व्हत्या तितं.”

ठमाबाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं.

“तुमी आयकलं, बाई? ‘न्हाय’ म्हणल्यालं?”

“त्यांचे ओठ हलताना मी पाहिले, ठमाबाई. ते म्हणतच होते...”

“तुमच्या कानानं आयकलं का?”

हाच प्रश्न कोर्टात मी कितीतरी साक्षीदारांना विचारलेला आहे. पाहिलं का ऐकलं, नेमकं सांगा. तात्या माझ्याकडे बघत होते. मला हो म्हणायचं होतं, मनापासून म्हणायचं होतं. पण त्या बाईशी आजवर सगळेच खोटं बोलले होते.

“नाही,” मी म्हणाले.

ठमाबाईंनी मान हलवली. “मग मंजूरच म्हणायचं त्ये,” त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं. तात्या शाल पांघरून बाहेरच उभे राहिले.